बँकेतला चेक, पटावरचा चेक आणि चेक्सचा शर्ट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझे वडील बँकेत नोकरीला होते. संध्याकाळी घरी आले की हातपाय धुऊन, चहा घेऊन ते शेजारच्या नानांबरोबर ओटीवर बुद्धिबळाचा पट मांडत. वडील ‘चेक’ म्हणत, नाना ‘शह’ म्हणत. मी सात-आठ वर्षांचा असेन. एकदा मी विचारलं, “बाबा, तुम्ही बँकेत दिवसभर चेक पास करता, इथे नानांना चेक देता, आणि आई तुमच्या शर्टालाही चेक्सचा शर्ट म्हणते. हे सगळं एकच का?” बाबा हसून म्हणाले, “इंग्रजीत एका शब्दाचे पुष्कळ अर्थ असतात रे.” नानांनी मात्र घोडा हातात तसाच धरून थोडा विचार केला होता. पुढे कोश चाळायची सवय लागली तेव्हा कळलं की ते तिन्ही चेक एकच आहेत, आणि नानांचा शहसुद्धा त्यांच्यातलाच. तेव्हापासून या शब्दाबद्दल मी भेटेल त्याला सांगत आलो आहे. ऐकणारे नेहमी जे विचारतात ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

‘चेक’ या शब्दाचं मूळ काय?

फारसी ‘शाह’, म्हणजे राजा. बुद्धिबळात समोरच्याच्या राजावर हल्ला झाला की इराणी खेळाडू ‘शाह!’ अशी हाक देत: राजा सांभाळ! ही हाक खेळाबरोबर अरबांकडे गेली, अरबांकडून युरोपात गेली आणि फ्रेंचांच्या तोंडून इंग्रजीत पोचली. इंग्रजीत या शब्दाचे आज जितके अर्थ आहेत, थांबवणं, तपासणं, बँकेचा कागद, कापडावरची चौकडी, सामानाचं टोकन, ते सगळे या एका हाकेतून फुटलेले धुमारे आहेत.

पण ‘शाह’ आणि ‘चेक’ यांचा उच्चार कुठेच जुळत नाही. हे कसं झालं?

एका दमात पाहिलं तर जुळत नाही, टप्प्याटप्प्याने पाहिलं तर चांगलं जुळतं. अरबीतून युरोपात येताना ‘शाह’चं मध्ययुगीन लॅटिनमध्ये ‘स्काकुस’ झालं. शेवटचा ‘ह’ युरोपीय जिभेवर कठीण होऊन ‘क’ बनला आणि सुरुवातीच्या ‘श’च्या जागी ‘स्क’ आलं. आता जुन्या फ्रेंचांची एक सवय होती. शब्दाच्या सुरुवातीला ‘स’ला जोडून दुसरं व्यंजन आलं की ते आधी एक ‘ए’ लावत. आपल्याकडे स्टेशनला ‘इस्टेशन’ आणि स्टोव्हला ‘इस्टो’ म्हणतात ना, अगदी तसंच. म्हणून ‘स्काकुस’चं जुन्या फ्रेंचमध्ये ‘एश्चेक’ झालं. इंग्रजांनी तो शब्द उचलताना सुरुवातीचं ‘एश्’ कापून टाकलं आणि उरला ‘चेक’. चौदाव्या शतकातला इंग्रज कवी चॉसर आपल्या एका कवितेत नियतीशी बुद्धिबळ खेळणाऱ्या माणसाचं दुःख सांगतो, आणि तिथे नियती त्याला ‘चेक’ देऊन ‘मेट’ करते. म्हणजे तोवर हा शब्द इंग्रजीत मुरला होता.

त्याच फ्रेंच शब्दाच्या अनेकवचनापासून ‘चेस’ हे खेळाचं इंग्रजी नाव आलं. म्हणजे इंग्रजीत खेळाचं नावच मुळी ‘शाह-शाह’ असं आहे.

खेळ तर भारतात जन्मला. मग हाक फारसीत का?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो. आपल्या ‘चतुरंग’ला (हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ अशी चार अंगांची सेना) इराणात ‘चत्रंग’ म्हणू लागले आणि अरबीत ते ‘शत्रंज’ झालं. सहाव्या शतकातल्या खुश्रू पहिल्याच्या दरबारात हिंदुस्थानच्या राजाने हा खेळ कोडं म्हणून पाठवला अशी इराणी परंपरेत गोष्ट आहे. खेळ इराणात गेला तेव्हा तिथल्या लोकांनी ‘राजा’ या मोहऱ्याचं आपल्या भाषेत भाषांतर केलं: शाह. पुढचा सगळा प्रवास इराणातून झाला, म्हणून हाक इराणची राहिली.

गंमत अशी की पुढे प्रत्येक देशाने मोहऱ्याचं नाव पुन्हा आपापल्या भाषेत केलं. इंग्रजांनी किंग म्हटलं, फ्रेंचांनी र्‍वा, स्पॅनिश लोकांनी रेय. हाक मात्र कुणी बदलली नाही. जर्मन आजही खेळाला ‘शाख’ म्हणतात, रशियन ‘शाखमाती’ म्हणतात.

‘चतुरंग’ हा आपला शब्दसुद्धा युरोपात पोचला, पण दुसऱ्या वाटेने. स्पॅनिश ‘अखेद्रेस’ आणि पोर्तुगीज ‘शद्रेज’ ही बुद्धिबळाची नावं अरबी ‘शत्रंज’वरून, म्हणजे थेट चतुरंगावरून आली आहेत.

म्हणजे मराठी ‘शह’ आणि इंग्रजी ‘चेक’ हा एकच शब्द?

हो, एकच. मराठीत तो दोनदा आला. पहिल्यांदा फारसीबरोबर, बहमनी आणि पुढच्या शाह्यांच्या काळात, जमिनीच्या वाटेने. दुसऱ्यांदा इंग्रजीबरोबर, समुद्राच्या वाटेने, जग फिरून. पहिल्या खेपेला आपण त्याला ‘शह’ म्हटलं, दुसऱ्या खेपेला ‘चेक’. त्यामुळे राजकारणाच्या बातमीत ‘विरोधकांना शह’ असं छापून येतं आणि त्याच पानावर ‘चेक बाऊन्स’ची बातमी असते, तेव्हा एकच शब्द दोन कपड्यांत समोरासमोर उभा असतो.

शहाचा जोडीदार ‘मात’सुद्धा आपण पूर्णपणे आपलासा केला आहे. ‘संकटावर मात केली’, ‘दुष्काळावर मात’ असं लिहिताना कुणाच्या डोक्यात पट नसतो. शह-काटशह तर इतका रुळला आहे की तो खेळातला शब्द आहे हे आठवण करून द्यावं लागतं.

चेकमेट म्हणजे ‘राजा मेला’ असं वाचलं होतं. खरं का?

‘शाह मात’ या मूळ शब्दांचा अर्थ दोन तऱ्हांनी लावतात. अरबीत ‘माता’ म्हणजे मेला. त्यावरून ‘राजा मेला’. फारसीत ‘मात’ म्हणजे हतबल झालेला, काही सुचेनासा झालेला. त्यावरून ‘राजा अडकला, निरुपाय झाला’. मला दुसरा अर्थ पटतो, आणि त्याचं कारण खेळातच आहे. बुद्धिबळात राजा कधी मारला जात नाही. बाकी सगळी मोहरी पटावरून उचलली जातात, राजा उचलला जात नाही. त्याला जायला घर उरलं नाही की डाव तिथेच थांबतो. हरलेला राजा शेवटपर्यंत पटावर उभा असतो, आणि त्या राजाचं वर्णन ‘मेला’पेक्षा ‘खुंटला’ असंच करावं लागेल. जर्मन भाषेत ‘मात’वरून आलेल्या ‘माट’ या शब्दाचा अर्थ गळून गेलेला, निस्तेज असाच आहे.

खेळातल्या शहातून ‘तपासणे’ हा अर्थ कसा निघाला?

पटावर कुणाचा डाव रंगात आला आहे, वजीर पुढे सरकवायचा मनसुबा ठरला आहे, आणि समोरून शह येतो. मनसुबा बाजूला ठेवावा लागतो. आधी राजा वाचवायचा, मग बाकीचं. या अनुभवातून इंग्रजीत पहिला अर्थ फुटला: अचानक बसलेला अडसर, चालत्या गाड्याला लागलेली खीळ. घोडा लगामाने आवरणं, राग आवरणं, कुणाच्या सत्तेला आवर घालणं, या सगळ्याला ‘चेक’ म्हणू लागले. अमेरिकेच्या राज्यघटनेसंदर्भात ‘चेक्स अँड बॅलन्सेस’ म्हणतात त्यातला चेक हा आवर घालणारा चेक आहे, तपासणारा नव्हे. मराठीत त्याचं ‘तपासणी आणि समतोल’ असं भाषांतर कधीकधी दिसतं, ते चूक आहे. राष्ट्राध्यक्षाला संसदेचा शह, संसदेला न्यायालयाचा शह, असा त्याचा भाव आहे.

आवर घालायचा तर काय चाललं आहे ते पाहावं लागतं. हिशेब लिहिणाऱ्यावर आवर ठेवायचा तर त्याचे आकडे दुसऱ्या कागदाशी ताडून पाहावे लागतात. या वळणावर, सतराव्या शतकात, ‘ताडून पाहणे, पडताळणे’ हा अर्थ रूढ झाला, आणि आज तोच सगळ्यात मोठा झाला आहे. लोकलमध्ये ‘चेकिंग आलंय’ म्हटल्यावर पासासाठी खिशाकडे जाणारा हात, डॉक्टरकडचं चेकअप, मुलुंडचा चेकनाका, सगळे या अर्थाचे. चेकनाक्यात तर दोन्ही अर्थ एकत्र आहेत: गाडी थांबवायची आणि तपासायची.

बँकेच्या चेकचा राजाशी काय संबंध?

राजाशी थेट नाही, पडताळण्याशी आहे. आणि पडताळण्याचं साधन म्हणजे स्थळप्रत.

चेकसारखी चिठ्ठी इंग्लंडमध्ये ‘चेक’ या नावाच्या आधीपासून होती. लंडनमधल्या मॉरिस आणि क्लेटन या पेढीवर लिहिलेली, १६ फेब्रुवारी १६५९ अशी तारीख असलेली ४०० पौंडांची हाताने लिहिलेली चिठ्ठी आजही जपलेली आहे. ‘अमक्याला इतके पैसे द्यावेत’ एवढाच मजकूर. आपल्या हुंडीवाल्यांना त्यात नवल वाटलं नसतं.

नवल पुढे आहे. अशी चिठ्ठी खोटी लिहिणं सोपं होतं. म्हणून अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बँका खास कागद वापरू लागल्या. त्या कागदाचा एक भाग पेढीकडे राहायचा, दुसरा गिऱ्हाइकाकडे जायचा, आणि पैसे देताना दोन भाग ताडून पाहायचे. पेढीकडे राहणाऱ्या त्या स्थळप्रतीला ‘चेक’ म्हणत, कारण तीच खोटेपणाला शह देणारी होती. हळूहळू स्थळप्रतीचं नाव अख्ख्या कागदाला पडलं.

जुन्या चेकबुकात प्रत्येक पानाच्या डाव्या हाताला टोचणी मारलेली अरुंद पट्टी असे. बाबा चेक फाडण्याआधी त्या पट्टीवर तारीख, नाव आणि रक्कम बारीक अक्षरांत लिहीत, मग पट्टी डाव्या हाताने दाबून धरून पान सावकाश फाडत. पानं संपलेली पुस्तकं रबरबँड लावून कपाटात वर्षानुवर्षं पडलेली असत. त्यांत फक्त पट्ट्या उरलेल्या. मूळ अर्थाने त्या पट्ट्याच ‘चेक’ होत्या.

मग इंग्रजीत त्याची दोन स्पेलिंगं का आहेत?

अमेरिकेत बँकेचा चेक आणि तपासायचा चेक एकाच स्पेलिंगने लिहितात: सी-एच-ई-सी-के. ब्रिटनमध्ये आणि आपल्याकडे बँकेचा चेक शेवटी ‘क्यू-यू-ई’ लावून लिहितात. हे वळण एकोणिसाव्या शतकात पक्कं झालं. जेम्स विल्यम गिल्बार्ट नावाच्या इंग्रज बँकरने १८२८ च्या सुमारास आपल्या बँकविषयक ग्रंथात हे स्पेलिंग मुद्दाम स्वीकारलं. त्याची कारणं दोन: अर्थाचा घोटाळा टळतो, आणि शब्द ‘एक्स्चेकर’शी, म्हणजे शाही खजिन्याच्या नावाशी, मिळताजुळता दिसतो. आपल्या १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमात, म्हणजे चेक-हुंड्यांविषयीच्या कायद्यात, हेच ब्रिटिश स्पेलिंग आलं, म्हणून भारतातल्या प्रत्येक चेकबुकावर तेच आहे.

एक्स्चेकर म्हणजे काय? ब्रिटनच्या अर्थमंत्र्याच्या हुद्द्यात हा शब्द कुठून आला?

इथे थोडं थांबतो, कारण या शब्दाच्या गोष्टीतला हा सगळ्यात देखणा भाग आहे.

जुन्या फ्रेंचमध्ये बुद्धिबळाच्या पटाला ‘एश्चेकिए’ म्हणत. बाराव्या शतकाच्या सुरुवातीला, पहिल्या हेन्री राजाच्या काळात, इंग्लंडचा महसूल ज्या टेबलावर मोजत त्याला हेच नाव पडलं. रिचर्ड फिट्झनील हा पुढे दुसऱ्या हेन्रीचा खजिनदार. त्याने ११७० च्या दशकात या कारभारावर लॅटिनमध्ये एक पुस्तक लिहिलं, आणि तेही शिष्याने विचारावं, गुरूने सांगावं अशा प्रश्नोत्तरांच्या रूपात. त्यात टेबलाचं वर्णन आहे: सुमारे दहा फूट लांब, पाच फूट रुंद, वर ठेवलेलं घरंगळू नये म्हणून कडेने चार बोटं उंच काठ, आणि त्यावर दरवर्षी ईस्टरच्या वेळी नवं आणलेलं काळं कापड. त्या कापडावर वीतभर किंवा फूटभर अंतराने रेघा ओढलेल्या.

रेघांमधल्या प्रत्येक रकान्याला किंमत होती. उजवीकडून पहिला रकाना पेन्सचा, मग शिलिंगांचा, मग पौंडांचा, मग विसांचा, शेकड्यांचा, हजारांचा. रकान्यांत बिल्ले मांडून बेरीज-वजाबाकी करायची. रोमन आकड्यांत हातचा घ्यायची सोय नाही, शून्य नाही. अशा देशात या कापडाने स्थानमूल्याचं काम केलं. रिकामा रकाना हेच त्यांचं शून्य.

टेबलाच्या एका बाजूला खजिनदार, दुसऱ्या बाजूला शेरिफ, म्हणजे आपल्याकडच्या मामलेदारासारखा परगण्याची वसुली करणारा अधिकारी. खजिनदार येणं मांडणार, शेरिफ भरणा मांडणार. फिट्झनील सांगतो की पटावर जशी दोन राजांची लढाई होते तशी इथे खजिनदार आणि शेरिफ यांची होते, आणि बाकीचे पंचासारखे पाहत बसतात. म्हणजे ही उपमा आपण मागाहून चिकटवलेली नाही. त्या टेबलाशी बसलेल्या माणसालाच ती सुचली होती.

पावती म्हणून लाकडाची काठी वापरत. तिच्यावर रकमेप्रमाणे खाचा पाडत: हजार पौंडांना तळहाताच्या जाडीची, शंभरांना अंगठ्याएवढी, विसांना करंगळीएवढी, एका पौंडाला टपोऱ्या जवाच्या दाण्याएवढी. मग काठी उभी चिरून अर्धी-अर्धी वाटून घेत. दोन अर्धुकं जुळवली की खाचा जुळल्या पाहिजेत. चेकच्या स्थळप्रतीची ही आजीच म्हणायची. या काठ्या १८२६ मध्ये बंद झाल्या, आणि साठलेला ढीग १६ ऑक्टोबर १८३४ रोजी लंडनच्या संसद भवनाच्या भट्ट्यांत जाळायला घेतला तेव्हा आग भडकून जुनं संसद भवनच भस्मसात झालं. आज टेम्सच्या काठी दिसते ती इमारत त्यानंतर बांधलेली.

टेबल गेलं, कापड गेलं, नाव राहिलं. ब्रिटनच्या अर्थमंत्र्याला आजही ‘चॅन्सेलर ऑफ द एक्स्चेकर’ म्हणतात.

बँकेचा चेक अरबी ‘सक्क’वरून आला असंही ऐकलं आहे.

हे मत बरंच पसरलेलं आहे आणि ते हवेतून आलेलं नाही. अरबी ‘सक्क’ म्हणजे देण्याघेण्याचा लेखी दस्त. फारसीतही दस्ताला ‘चक’ म्हणत. दहाव्या शतकातला प्रवासी इब्न हौकल याने सहारा वाळवंटाच्या दक्षिण टोकाच्या औदागुस्त या गावी ४२,००० दिनारांचा असा दस्त पाहिल्याचं लिहून ठेवलं आहे. ‘सक्क’चं अनेकवचन ‘सुकूक’ आजच्या इस्लामी बँकव्यवहारात रोख्यांसाठी वापरतात. म्हणजे कल्पना तिकडे खूप आधीपासून होती यात वाद नाही.

शब्दाचा माग मात्र वेगळीकडे जातो. इंग्रजीत आधी ‘पडताळा’, मग ‘पडताळ्याची स्थळप्रत’, मग ‘बँकेचा कागद’ ही पायरी कागदोपत्री दिसते. मधली एकही पायरी गाळलेली नाही. ‘सक्क’पासून लंडनपर्यंत अशी पायवाट सापडत नाही. म्हणून मी शहाच्या बाजूने आहे.

आणि चेक्सचा शर्ट?

पटावरून. बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन ज्या कापडावर आहेत ते ‘चेकर्ड’, थोडक्यात चेक्स. मोटारींच्या शर्यतीच्या शेवटी फडकवतात तो काळापांढरा झेंडाही तोच. पोर्तुगीज ‘शद्रेज’ शब्दातही हे दोन्ही अर्थ आहेत: बुद्धिबळ आणि चौकडीचं कापड.

आपला ‘चौकडी’ हा शब्द ‘चतुर्’, म्हणजे चार, वरून आला. ‘चतुरंग’मधला चतुर् तोच. गोव्याच्या कुणबी साडीची चौकडी असो की पाठशाळेच्या गणवेशाची, त्या नक्षीला मराठीने खेळाच्या मूळ नावातला ‘चार’ दिला आणि इंग्रजीने खेळातला ‘राजा’. दोघांनी एकमेकांना न विचारता.

‘शाह’च्याही मागे जाता येतं का?

येतं, आणि मागे गेलं की आपण घरी पोचतो.

इराणात बिसुतूनच्या कड्यावर दारियस राजाने इसवी सनापूर्वी ५२० च्या सुमारास कोरवलेला लेख आहे. त्यात तो स्वतःला ‘ख्शायथिय ख्शायथियानाम्’ म्हणवतो: राजांचा राजा. शेवटचं ‘आनाम्’ संस्कृत शिकलेल्याला लगेच ओळखू येईल. ‘देवानाम्’मधलं षष्ठीचं अनेकवचन ते हेच. ‘ख्शायथिय’ झिजत झिजत ‘शाह’ झालं, आणि ‘राजांचा राजा’चं ‘शहेनशाह’ झालं. हा ‘ख्श’ म्हणजे आपला ‘क्ष’. ज्या धातूचा अर्थ सत्ता चालवणं, त्यापासून तिकडे ख्शायथिय निघाला आणि इकडे ‘क्षत्र’, ‘क्षत्रिय’ निघाले. चेकबुकातला चेक आणि क्षत्रिय हे फार लांबचे, पण रक्ताच्या नात्यातले भाऊ आहेत.

याच कुळातला आणखी एक शब्द महाराष्ट्राच्या मातीत राज्य करून गेला. दारियसच्या साम्राज्यात प्रांताच्या सुभेदाराला ‘क्षत्र सांभाळणारा’ अशा अर्थाचा हुद्दा होता. शेवटचा ‘पा’ म्हणजे राखणं. भूप, नृप, गोप यांतला. तो शब्द आपल्याकडे ‘क्षत्रप’ म्हणून आला. नाशिकच्या पांडवलेण्यांत क्षत्रप नहपान आणि त्याचा जावई उषवदात यांचे लेख भिंतीवर आहेत. गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पाडाव केला आणि त्याच्या नाण्यांवर आपले ठसे मारले. नाशिकजवळ जोगलटेंभी इथे १९०६ मध्ये तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, त्यात अशी दुहेरी ठशाची नाणी ढिगाने आहेत.

मराठीत ‘शाह’चे आणखी कोण नातेवाईक आहेत?

सगळ्यात मोठा म्हणजे ‘शाही’ हा प्रत्यय. आदिलशाही, निजामशाही यांच्याबरोबर तो आला आणि मराठीने त्याला असा कामाला लावला की हुकूमशाही, नोकरशाही, घराणेशाही, झुंडशाही असे शब्द आपण सहज घडवतो. आणि लोकशाही. लोकांच्या राज्याच्या नावात राजा बसलेला आहे. मला या शब्दाचा अर्थ नेहमी ‘लोक हेच शाह’ असा लागतो.

स्वयंपाकघरातलं शहाजिरं या घरातलं. पायाखालची शहाबादी फरशी ज्या गावची, त्या शहाबादच्या नावात तो आहे. आणि ‘शहर’! फारसी शहर म्हणजे मुळात राज्य, मुलूख, आणि तो आपल्या ‘क्षत्र’चा सख्खा भाऊ.

काही शब्द मात्र दिसायला सारखे असूनही या घरातले नाहीत. ‘शाहीर’ अरबी ‘शायर’वरून, म्हणजे कवी. ‘शाई’ फारसी ‘सियाही’वरून, म्हणजे काळेपणा. ‘शहाणा’ संस्कृत ‘सज्ञान’वरून.

चेक प्रजासत्ताकाचा काही संबंध?

नाही. ते त्या लोकांचं आपलं नाव आहे. मराठीत कुणी ‘झेक’ लिहितात, कुणी ‘चेक’, त्यामुळे गोंधळ होतो.

‘चेकाळणे’?

अजिबात नाही. तो आपला अस्सल मराठी शब्द. इंग्रजीशी त्याचं काही देणंघेणं नाही.

अमेरिकेत हॉटेलात जेवण झाल्यावर ‘चेक’ का मागतात?

न्यू जर्सीला राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीने पहिल्यांदा वेटरला ‘चेक’ म्हणताना ऐकलं तेव्हा तिला वाटलं हे लोक जेवणाचे पैसेही चेकने देतात. तिथे चेक म्हणजे बिल. पैसे किती झाले याचा पडताळा देणारा चिटोरा, एवढाच त्याचा अर्थ. आपण ज्याला ‘टिक करणे’ म्हणतो त्यालाही तिथे चेक म्हणतात: पाहिलं, जुळलं, खूण केली.

सामानाचा चेकही अमेरिकी रेल्वेतून आला. एकाच आकड्याचे दोन पितळी बिल्ले असत, एक ट्रंकेला बांधायचा आणि दुसरा उतारूच्या हातात द्यायचा. देवळाबाहेरच्या चपला ठेवायच्या जागी आजही हेच चालतं. एक टोकन चपलांवर, दुसरं आपल्या खिशात, परत आल्यावर जुळवायचं. विमानतळावर सामान ‘चेक इन’ करतो तेव्हा बॅगेला चिकटणारी पट्टी आणि बोर्डिंग पासावरचा तिचा तुकडा म्हणजे त्याच काठीची दोन अर्धुकं.

आणि ‘रेन चेक’ बेसबॉलचा. पावसाने सामना धुऊन गेला तर पुढच्या सामन्याला चालणारं तिकीट, १८८० च्या दशकापासूनचं. आता कुणाचं आमंत्रण ‘पुढच्या वेळी नक्की’ म्हणून टाळतात तेव्हा हे म्हणतात.

‘चेक करणे’ म्हणू नये, ‘तपासणे’ म्हणावं, असं शाळेत बाई सांगत. बरोबर का?

‘तपासणे’ सुंदर शब्द आहे, जरूर वापरावा. पण तो ‘शुद्ध मराठी’ म्हणून वापरायचा असेल तर सांगितलं पाहिजे की ‘तपास’ही अरबी ‘तफह्हुस’वरून आलेला आहे.

माझा निकष साधा आहे. मराठीत या एका ‘चेक’च्या जागी बारीक फरकाचे पुष्कळ शब्द आहेत आणि ते वापरात राहावेत असं मला मनापासून वाटतं. वही तपासतात. हिशेब ताळतात. सही पडताळतात. नाणं पारखतात. भात शिजला का ते चाचपतात. ताप आहे का ते हात लावून बघतात. ‘चेक कर’ म्हटलं की ही सगळी कामं एका रंगात रंगतात. उसना शब्द आला म्हणून माझी तक्रार नाही. त्याच्यापायी ‘ताळणे’ आणि ‘पारखणे’ कोनाड्यात पडले तर मात्र वाईट वाटतं.

‘धनादेश’ म्हणावं की ‘चेक’?

अर्जात, निविदेत, पावतीवर ‘धनादेश’ छान दिसतो आणि अर्थही नेमका आहे: धन देण्याचा आदेश. बोलताना सगळे चेकच म्हणतात, त्यात काही बिघडत नाही. त्याच्याबरोबर येणारं क्रियापद मात्र जपायला हवं. चेक ‘वटतो’. हुंडी वटायची, तसाच चेकही वटतो. ‘क्लिअर झाला’ म्हणणाऱ्या माझ्या मुलीला मी दर वेळी ‘वटला’ म्हणून सांगतो, आणि आता तीही म्हणते. रकमेनंतर अक्षरांत लिहितात त्या ‘रुपये पाच हजार मात्र’मधलं ‘मात्र’ही असंच जपण्यासारखं. ते पुढे कुणी शब्द वाढवू नये म्हणून घातलेलं कुंपण आहे.

‘क्रॉस्ड चेक’ आणि ‘क्रॉसचेक’ एकच का?

नाही. डाव्या कोपऱ्यात दोन तिरप्या समांतर रेघा मारल्या की तो क्रॉस्ड, म्हणजे रेखांकित धनादेश. त्याचे पैसे खिडकीवर रोख मिळत नाहीत, खात्यातच जमा होतात. ‘क्रॉसचेक’ म्हणजे दुसऱ्या बाजूने केलेला पडताळा. बाबांच्या बँकेत दोन्ही दिवसभर चालत.

खेळताना ‘शह’ म्हणायचं की ‘चेक’?

स्पर्धेच्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे काहीही म्हणायची गरज नाही. शह दिसला पाहिजे, तो ज्याचा त्याने पाहायचा. घरच्या पटावर मात्र हाक दिल्याशिवाय मजा नाही. कोशात ही सगळी वाट सापडल्यावर मी नानांना सांगायला गेलो होतो. ऐंशी उलटलेले नाना खुर्चीत बसले होते, बाबा समोर, मधे तोच जुना पट. मी बोलत होतो आणि दोघं ऐकत होते. माझं संपल्यावर नानांनी चष्मा वर केला, हत्ती सरळ शेवटच्या घरापर्यंत नेला आणि बाबांकडे बघून पहिल्यांदाच म्हणाले, “चेक.” बाबांनी राजा एक घर सरकवला, आणि पुढच्या खेळीला उंट उचलून म्हणाले, “शह, नाना.”